तीन बोटं

मी हेडगार्ड बोलतोय. बॉक्सिंगच्या हॉलमध्ये शिरलात की डाव्या हाताला आरसा आहे ना, त्याच्या शेजारच्या खिळ्यावर टांगलेला लाल रंगाचा तो मी. फार जवळ येऊ नका, वास येतो. अठरा वर्षांचा घाम आहे, त्याला मी तरी काय करणार!

माझा जन्म शिवणयंत्रावर झाला. एका बाईनं माझ्या गालांत फोम ठासला, वर चामडं ताणून शिवलं आणि दोरा दातानं तोडला. खोक्यावर छापलं होतं, 'संपूर्ण संरक्षण'. मी ते खरं मानलं. नवा होतो, अक्कल कमी.

कोचनी मला आणलं आणि एका विशीतल्या गड्याच्या डोक्यावर चढवलं. "आता बिनधास्त मारा रे, डोकं झाकलंय!" त्या गड्याला सगळे दगड म्हणायचे. कितीही ठोसे खाल्ले तरी पठ्ठ्या जागचा हलायचा नाही. मग काय, कुणाला सराव द्यायचा असला की कोच यालाच समोर उभा करायचे.

रोज संध्याकाळी चाळीस-पन्नास ठोसे. मला काय, फोम दबायचा, पुन्हा फुगायचा. भुवई फुटली नाही, कान सुजला नाही, म्हणून सगळे माझं कौतुक करायचे. पण बरणीला गोधडी गुंडाळली, म्हणून आतलं पाणी हिंदकळायचं थोडंच थांबतं? त्याचा मेंदू कवटीत तसाच हिंदकळायचा. मी बाहेरून घट्ट बसून राहायचो, बस्स.

ठोसा जोरात बसला की कोच त्याच्यापुढे हात धरायचे.

"दगडा, किती बोटं?"

"तीन."

"शाब्बास! चल, खेळ."

कोच माणूस वाईट नाही हो. पण एक खोड, दरवेळी तीनच बोटं दाखवायचे. आमच्याकडे हे फरशीलासुद्धा पाठ होतं. दगड तर पुढे पुढे डोळे मिटूनच 'तीन' म्हणायला लागला. मी त्याच्या डोळ्यांपासून बोटभर अंतरावर, मला दिसायचं. सांगणार कुणाला?

तो एकदाही आडवा झाला नाही. खेळणं थांबलं, तसा तो तिथंच शिकवू लागला. मग हातात बॅग धरून बॅग शोधत फिरायला लागला. ट्यूबलाइट डोळ्यांत खुपायला लागली. घरचा रस्ता चुकायला लागला, तेव्हा लेक त्याला हाताला धरून आणू-नेऊ लागली. एकदा त्याची बायको हॉलवर आली.

"घरी चमचा पडला तरी अंगावर येतात," ती कोचना म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, एका ठोशाचं नाही हे. रोजचे छोटे छोटे साठत गेलेत. आता ते भरून निघायचं नाही."

"अहो वहिनी, पण हेडगार्ड होतं की!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला लाज वाटायला हवी होती. पण तोवर माझा फोम दबून दबून कडक झाला होता, काही वाटेनासंच झालं होतं.

लेक पंधराची. बापाला आणता आणता तीही हातमोजे घालू लागली. पहिल्यांदा रिंगमध्ये उतरायचं ठरलं, तेव्हा आई नको नको म्हणाली. "काही होत नाही गं आई, हे आहे ना!" असं म्हणून तिनं मला खिळ्यावरून काढलं. पट्टा दगडानंच बांधला. बोटं अडखळत होती, तिनंच हात लावला.

दुसऱ्या फेरीत कानशिलावर एक ठोसा बसला. तिचे गुडघे जरा वाकले. कोच लगेच पुढे आले.

"किती बोटं?"

"तीन."

"शाब्बास!"

तेवढ्यात दगड रिंगच्या दोरांमधून आत शिरला. सकाळी काय खाल्लं ते न आठवणारा माणूस. त्यानं लेकीपुढे हात धरला. पाचही बोटं उघडी.

"माझी किती?"

"तीन," लेक म्हणाली. डोळे मिटलेले होते.

दगडानं माझा पट्टा सोडला. या वेळी बोटं अडखळली नाहीत. "आधी डॉक्टर," तो म्हणाला. दारात मात्र तो थांबला. "डावीकडे ना गं?" त्यानं विचारलं. लेकीला सांगता येईना. शेवटी कोचच दोघांना घेऊन गेले.

तेव्हापासून मी खिळ्यावर आहे. कोच आता बोटं दाखवत नाहीत, ठोसा जोरात बसला की सरळ खेळ थांबवतात आणि डॉक्टरकडे धाडतात. मला घालायचं तर खुशाल घाला. भुवई राखीन, कान राखीन. आत माझं काही चालत नाही, एवढं ध्यानात असू द्या.

परवा लेक बापाची बॅग न्यायला आली होती. दिव्याखाली डोळे बारीक करून उभी होती.

"बरी आहेस ना?" कोचनी विचारलं.

"बरी आहे," ती लगेच म्हणाली. 'तीन' म्हणाली होती ना, अगदी तशीच.

तिला कुणीतरी पुन्हा विचारा हो.