अठरा गुणसूत्रांची धाकधूक

मित्रांनो, मी एक जुना पेशींचा गोळा आहे. दिसायला ओबडधोबड, रंगाने पिवळट आणि अंगावर तपकिरी डाग. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बाटलीत माझा मुक्काम असतो. मला ना मूळ, ना पान. तरी मी एका कागदी लिंबाचा वंशज आहे.

ते झाड आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमच्या वडिलांनी लावलं होतं. त्याला असाध्य रोग जडला. तोडण्यापूर्वी मॅडमनी त्याची चार कोवळी फळं आणली, रोग न पोचलेला बियांचा गाभा अलगद काढून जेलीसारख्या अन्नावर ठेवला आणि तिथे मी जन्मलो. झाड गेलं. मागे उरलो मी एकटा.

दर महिन्याला प्रयोगशाळेतल्या ताई चिमटा ज्योतीवर धरायच्या, तो निवला की माझे तुकडे करून नव्या अन्नावर ठेवायच्या. "काय बाळसं धरलंय!" असं म्हणायच्या. मी फुलून जायचो.

पण मित्रांनो, वाढण्यात मोठा धोका असतो. माझ्या प्रत्येक पेशीत अठरा गुणसूत्रं आहेत. त्यांतच झाडाचा सगळा स्वभाव साठवलेला असतो. एका पेशीच्या दोन होताना ती नीट वाटली जावी लागतात. कधी वाटणी चुकते. मग चुकलेली पेशी गुपचूप स्वतःला मिटवून घेते. याला नियोजित पेशीमृत्यू म्हणतात. माझ्या अंगावरचे बरेच डाग अशाच पेशींचे. दर वेळी मला धडकी भरायची, आज किती जणी जाणार?

तिसऱ्या वर्षी माझ्याच एका तुकड्यापासून धाकटा भाऊ वाढला. तो पांढराशुभ्र होता, अंगावर एकही डाग नव्हता. पंधरा दिवसांत बाटली भरायचा. सगळे त्याचंच कौतुक करू लागले आणि मी मागच्या कोपऱ्यात गेलो.

सहाव्या वर्षी फडताळ रिकामं करायचं ठरलं. मॅडमनी माझी बाटली उजेडात धरली.

"हा तर सडत चाललाय. काढून टाका."

ताई मात्र हलल्या नाहीत.

"मॅडम, सडका असता तर वाढला नसता. हळू का होईना, वाढतोय. टाकायच्या आधी दोघांची गुणसूत्रं मोजू या ना."

"सहा वर्षं झाली, ताई. आता काय मोजायचं राहिलंय?"

"तुमच्या बाबांचं झाड आहे. दोन दिवस थांबायला काय जातंय?"

मॅडमनी बाटली टेबलावर ठेवली.

ते दोन दिवस कसे गेले, माझं मला ठाऊक! माझ्या पेशी रंगवून काचपट्टीवर दाबल्या गेल्या. मॅडम सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून मोजत होत्या. "सोळा... सतरा... अठरा." दुसरी पेशी, अठरा. विसावीही अठरा. मग भावाची पाळी आली. कुठे पंचवीस, कुठे छत्तीस! त्याच्या चुकलेल्या पेशी मरायचंच विसरल्या होत्या. अशा पेशींपासून बाबांचं झाड पुन्हा उभं राहणं शक्य नव्हतं, हे तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं.

"मी चांगल्यालाच टाकायला निघाले होते," मॅडम पुटपुटल्या.

मला कोंब फुटायला लावणारं नवं अन्न मिळालं. काही आठवड्यांनी अंगावर हिरवे ठिपके उमटले, त्यांची रोपं झाली. एके दिवशी मॅडमचे बाबा काठी टेकत आले. त्यांनी एक पान चुरगळून नाकाशी नेलं.

"हेच ते," एवढंच म्हणाले.

भाऊ मात्र त्याआधीच, टाकाऊ पेशी मारून फेकतात त्या वाफेच्या भांड्यात गेला होता. तो माझ्याच अंगाचा होता, मित्रांनो. म्हणून मला अजून स्वस्थता नाही. जे त्याचं झालं, ते उद्या माझंही होऊ शकतं, आणि आतून मला ते कळणारही नाही. एवढंच मागतो, नुसतं वरचं रूप पाहून कुणाला डोक्यावर घेऊ नका की फेकूनही देऊ नका. माझी गुणसूत्रं दरवर्षी मोजत जा. आणि अठराची एकोणीस झालेली दिसली, तर माझी गय करू नका.