दोन केसेस

टेबलावर दोन्ही केसेस शेजारी शेजारी मांडल्या होत्या आणि तिला सकाळपासून एका जागी बसवत नव्हतं. बाळाला या कडेवरून त्या कडेवर घेत ती घराखालच्या वर्कशॉपमध्ये नुसत्या येरझारा घालत होती.

केस म्हणजे इंजिनाचं बाहेरचं कवच. समोरासमोर जुळणारे दोन भाग, मधे फिरणारा क्रँकचा दांडा, आणि सगळं बोल्टांनी आवळलेलं. एक केस जुनी, मॅग्नेशियमची. सासऱ्यांनी तरुणपणी जी गाडी पळवली तिचीच. दुसरी नवीकोरी, अ‍ॅल्युमिनियमची. माप तेच, पण दीडपट जड आणि दणकट. नवऱ्यानं इंजिनाची ताकद दुप्पट करायचा घाट घातला होता आणि तेच इंजिन घेऊन तो डोंगररस्त्याच्या शर्यतीत उतरणार होता. एवढ्या ताकदीनं म्हातारी केस तडकली, तर इंजिन गाडीच्या मागे असल्यानं तेल सांडणार ते थेट मागच्या चाकांवर. त्यातून एखाद्या वळणावर. पुढचं चित्र ती मनात पुरं होऊ देत नव्हती, तरी ते होतच होतं.

"अगं, जमीन झिजेल," सासरे म्हणाले. "बस जरा."

"बाळ झोपत नाहीये, बाबा."

"बाळ कधीचंच झोपलंय. जागी तू आहेस."

खरंच होतं. बाळ तिच्या खांद्यावर लाळ गाळत गाढ झोपलं होतं.

नवरा कार्ब्युरेटर पुसत होता. वडील बोलले की त्याला वडिलांचं पटायचं, बायको बोलली की बायकोचं, आणि दोघं एकदम बोलली की हमखास काहीतरी पुसायचं काम निघायचं.

"गाडी हलकी हवी की नको, एवढंच सांग," सासऱ्यांनी त्याला पकडलं.

"हवीय की."

"झालं तर मग. जुनीच बसवू."

"तपासल्याशिवाय नाही," ती म्हणाली.

बाळ होण्याआधी ती कारखान्यात तपासणीचंच काम करायची. लाल रंग फवारायचा, तो भेगेत मुरू द्यायचा, वरचा क्लीनरनं पुसून काढायचा आणि पांढरी पावडर मारायची. भेग असली तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. वास बाळाच्या नाकात जायला नको म्हणून बाबागाडी तिनं अंगणात सासऱ्यांच्या नजरेखाली ठेवली आणि कामाला लागली. रंग पुसायची वेळ झाली आणि बाळानं भोकाड पसरलं. तिनं घाईघाईनं हात उरकला.

केस पांढरीशुभ्र राहिली. रेघेचा मागमूस नाही.

"बघ! माझ्यापेक्षा धडधाकट निघाली," सासरे खूश झाले. नवरा बोल्ट धुवायला घेऊन गेला. म्हणजे ठरलंच.

तिला हायसं वाटायला हवं होतं, पण मनात शंकेची पाल चुकचुकत राहिली. वर जाऊन बाळाला भरवताना चमचा मधेच थांबला. क्लीनर कापडावर घेऊन पुसायचं असतं! तिनं घाईत फवारा थेट केसवर मारला होता. तसं केलं की भेगेत मुरलेला रंगही धुऊन निघतो. मग रेघ उमटणार कुठून? कारखान्यात नव्या पोरांना ती याच चुकीवरून झापायची.

ती बाळासकट खाली आली. "थांबा. माझी चाचणी चुकली."

"चुकली कशी?" सासऱ्यांचा आवाज चढला. "तुला हवं ते आलं नाही म्हणून?"

हे तिला झोंबलं, कारण निम्मं खरं होतं. रेघ उमटावी म्हणून तिनं मनातल्या मनात देव पाण्यात घातले होते.

"हवं ते समजा. पण पुन्हा करणार."

बाळाला अंगणात बाबागाडीत ठेवून तिनं केसवर पुन्हा रंग मुरू दिला, आणि या वेळी तो क्लीनर घेतलेल्या कापडानं पुसला, हलक्या हातानं, कोपरा न कोपरा. बाहेर बाळ पुन्हा रडायला लागलं. ती दात आवळून पुसत राहिली. रडं आपोआप थांबलं. सासरे बाबागाडी हलवत होते. मग पावडर. मग वाट पाहणं.

काही नाही. बेअरिंगच्या जागी नाही, सिलिंडरांच्या मागे नाही. बाजूला लाल रंगानं ओलं झालेलं कापड पडलं होतं. नखाचं टोक त्यात बुडवून पांढऱ्यावर ओढलं, की काम फत्ते. नवरा पाठमोरा होता. तिनं कापड उचललं आणि कचऱ्यात टाकलं.

"भेग नाही," ती म्हणाली. "आता खात्रीनं सांगते."

"मग?" सासरे दारात उभे होते.

"केस चांगली आहे, बाबा. पण ती आजची गोष्ट. एवढी ताकद हिच्यावर कधी पडली नाही, आणि पडल्यावर काय होईल ते हा रंग सांगत नाही. मला भीती वाटते. तिचं माप काही माझ्याकडे नाही."

आता टोमणा येणार म्हणून ती वाट बघत राहिली. पण बोलला नवरा. त्यानं हातातलं फडकंसुद्धा खाली ठेवलं होतं.

"बाबा, मी नवी बसवतो."

"जड आहे ती."

"मी पोट कमी करतो."

"ते या जन्मी होत नाही. रंगात काही आलं नाही ना? मग?"

"ती 'भेग आहे' म्हणाली असती तर आपल्या दोघांना काय कळणार होतं? तरी 'भेग नाही' म्हणाली. आता भीती वाटते म्हणतेय, तर तेही खरंच असणार."

सासऱ्यांनी जुनी केस पांढऱ्या पावडरीसकट उचलून छातीशी धरली. शर्टाचा सत्यानाश झाला. "माझ्या केसला काही झालेलं नाही, हे चारचौघांत सांगायचं."

"सांगेन," ती म्हणाली.

"आणि बघत काय बसलात? नव्या केसच्या तेलाच्या वाटांत कारखान्यातला धातूचा चुरा अडकलेला असतो. एक कण राहिला तरी बेअरिंग खाईल. आधी तो काढा."

तिच्या हातात लांब ब्रश आधीच होता. जीव थाऱ्यावर आला नव्हताच. एका केसवरून उठून दुसरीवर जाऊन बसला होता, इतकंच. ब्रश पहिल्याच भोकातून चमचमता चुरा घेऊन बाहेर आला.

"किती वेळा धुवायचं?" नवऱ्यानं विचारलं.

"निघेपर्यंत," ती म्हणाली, आणि एक कान अंगणाकडे ठेवून तिनं ब्रश पुन्हा आत सरकवला.