वस्तादांचा घाट

"अहो, माझा पाय आहे तो, ब्रेक नाही!"

मी कळवळून ओरडले तशी पुढच्या बाकावरच्या बाईने वळून पाहिलं. आमच्या ह्यांनी पाय मागे घेतला, पण नजर रस्त्यावरून हलवली नाही. बस घाटाचं पहिलं वळण घेत होती आणि हे दुसऱ्या रांगेत बसून, अंगातला सगळा जोर लावून ती थांबवत होते.

"उशिरा दाबला त्याने," हे पुटपुटले.

"पण दाबला ना? मग झालं तर. तुम्ही नका दाबू."

सव्वीस वर्षं ह्यांनी याच घाटातून बस नेली. सकाळी सातची जाणारी, दुपारी तीनची येणारी. दोन महिन्यांपूर्वी निवृत्त झाले. डेपोत भाषणं झाली, सगळ्यांनी "वस्ताद, वस्ताद" करत पाठ थोपटली, आणि दुसऱ्या दिवसापासून हे घरातल्या खुर्चीत बसले ते बसलेच. पेपर नाही, टीव्ही नाही. जरा फिरून या म्हटलं तर "कुठे जाऊ?" असं मलाच विचारायचे. पहाटे उठून सवयीने बूट चढवायचे आणि बूट घालून खुर्चीत बसायचे. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, बाबांना कुठेतरी घेऊन जा गं. असेच बसले ना, तर मग उठायचेच नाहीत."

आता मी भाजीबाजाराच्या पलीकडे न गेलेली बाई. नेणार कुठे? मग ठरवलं, घाटातच न्यायचं. ज्या घाटाने माझा नवरा सव्वीस वर्षं पळवला, तो मला एकदा डोळ्यांनी बघायचाच होता. म्हणे लांबून लांबून लोक येतात तिथली हिरवाई पाहायला, फोटो काय काढतात, व्हिडिओ काय करतात! आणि मी कधी विचारलं, "कसा आहे हो घाट?" की ह्यांचं उत्तर एकच. "चौदा वळणं आहेत." संपलं.

"दुसऱ्याच्या हातातल्या गाडीत मी बसणार नाही," म्हणून हे आठ दिवस अडून बसले. नवव्या दिवशी मी पिशवी उचलली आणि म्हटलं, "बरं, मग मी एकटीच जाते." बूट घातलेलेच होते, मुकाट्याने मागे आले.

गाडीवर लंबू होता. ह्यांच्याच हाताखाली शिकलेला, आता स्वतः पन्नाशीला आलेला. उंचीमुळे डेपोत त्याला सगळे लंबूच म्हणतात. ह्यांना चढताना पाहिलं आणि त्याने कपाळाला हात लावला.

"वस्ताद, तुम्ही प्रवासी? मेलो मी आज! वहिनी, सांभाळा ह्यांना."

दरीच्या बाजूची खिडकी मी पटकावली. पहिली दोन वळणं ह्यांना दटावण्यातच गेली. तिसऱ्या वळणाला मात्र झाडी एकदम बाजूला झाली, दरी उघडी पडली आणि माझं बोलणंच थांबलं. माझ्या बाबतीत असं फार क्वचित होतं. हिरवा हा एक रंग असतो असं मी इतकी वर्षं समजत होते! इथे उन्हातला पोपटी होता, सावलीतला जवळजवळ काळा होता, आणि मधे तर असे कितीतरी होते ज्यांना नावच देता येत नाही. खडकातून झाड उगवलेलं, त्या झाडावर शेवाळ, शेवाळावर इवलाले नेचे. समोरच्या डोंगरावरून पाण्याच्या बारीक धारा उतरत होत्या. कुठे बोटभर माती म्हणून रिकामी दिसेल तर शपथ! मी काचेला नाक लावून बसले, शाळेतल्या पोरीसारखी.

"अहो, बघा ना! अहो!"

"चौथं येतंय," हे म्हणाले आणि एकदम मोठ्याने ओरडले, "लंबू, गिअर खाली घे!"

बसभर हशा पिकला. कंडक्टर बाई नव्या होत्या, त्या ह्यांना ओळखत नव्हत्या. त्यांनी वरच्या पाटीकडे बोट दाखवलं. "काका, वाचता येतं ना? चालकाशी बोलू नये."

ह्यांचा चेहरा असा झाला की मला पदर तोंडात कोंबावा लागला.

सातव्या वळणावर चहाची टपरी आहे, तिथे बस वीस मिनिटं थांबते. सगळे उतरले. चहावाल्या मावशींनी ह्यांना ओळखलं, न मागता बिनसाखरेचा चहा पुढे केला. हेही जरा खुलले. म्हटलं, चला, गाडी रुळावर येतेय. कंडक्टर बाईंनी "चला, चला" केल्यावर मी खिडकीत येऊन बसले. सगळे चढले तरी ह्यांचा पत्ता नाही.

मग मी समोर पाहिलं.

हे ड्रायव्हरच्या जागेवर बसले होते. बाहेरच्या दाराने, रोजच्यासारखे, सरळ वर चढून. एक हात स्टिअरिंगवर, दुसऱ्या हाताने डोक्यावरचा आरसा नीट करत होते. गाडीतली माणसं आली का सगळी, ते पाहत होते. आणि त्या आरशात त्यांना मी दिसले.

त्यांचा हात तिथेच राहिला. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मला इतकं वाईट वाटलं, की माझी असती तर ती बस मी तिथल्या तिथे त्यांना देऊन टाकली असती.

लंबू खाली दारापाशी उभा होता. त्याने कंडक्टर बाईंना हातानेच गप्प केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "लागला का आरसा, वस्ताद? हल्ली मागचं नीट दिसत नव्हतं, म्हणून तुम्हाला बसवलं."

"हं," हे म्हणाले. "आता दिसेल."

खाली उतरले, पण बसमध्ये आले नाहीत. रस्त्याच्या कडेला आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. ती पाठ पाहूनच मला कळलं, आता घरी गेलो की हा माणूस खुर्चीतून उठायचा नाही. मी पिशवी घेतली आणि उतरले.

"लंबू, तुम्ही जा. आम्ही थांबतो इथे."

"वहिनी, परतीची गाडी दोन तासांनी आहे."

"असू दे. मला कुठे कामावर जायचंय?"

बस गेली. तिचा आवाज वळणाआड विरला, आणि सगळीकडे बारीक टपटप, झुळझुळ ऐकू यायला लागली. ह्यांनी मान वर केली.

"हे काय वाजतंय?"

"पाणी, अहो. पानांवरून पडतंय."

"रोज वाजतं?"

"मला काय विचारता? रोज तुम्ही यायचात!"

हे रस्ता ओलांडून दरीकडच्या कठड्याजवळ गेले. जरा बिचकतच गेले. कठड्यावर बोटभर जाड शेवाळ होतं, त्यावर त्यांनी तळवा टेकला. "याच्यापासून मी गाडी कायम दोन हात लांब ठेवायचो," म्हणाले. "एवढं मऊ असेल असं वाटलं नाही." मग खाली पाहिलं. खालपर्यंत, पार तळापर्यंत हिरवंच हिरवं, आणि त्यातून तरंगत चाललेला पांढऱ्या पक्ष्यांचा थवा.

"अगं, मागे माणसं ओरडायची गं. वा काय, अहाहा काय. मला वाटायचं, काय कटकट आहे." ते पुन्हा खाली दरीत वाकून पाहायला लागले. "मान एकदा वळवली असती तर..."

"तुम्ही वळवली नाही, म्हणून ती माणसं वळवू शकली," मी म्हटलं.

यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा, नीट.

खालून दुसरी एक बस चढत आली. आम्ही कठड्याला चिकटून उभे राहिलो. खिडकी-खिडकीत चेहरे होते, तोंडं उघडी, बोटं काचेला लावलेली, आणि एकही आमच्याकडे पाहत नव्हता. ह्यांनी चालकाला हात केला. तो समोर रस्त्याकडे डोळे लावून होता, तसाच निघून गेला.

"दिसलो नाही आपण त्याला," मी म्हटलं.

"नाहीच दिसणार," हे म्हणाले. "चांगला ड्रायव्हर आहे."

आणि बस पुढच्या वळणाला जाईपर्यंत त्यांनी हात खाली घेतला नाही.