पलंगाखालचा उंदीर

"आई, पान बावीस," सूनबाईने हळूच सांगितलं आणि पुस्तक उघडून ताईंच्या हातात दिलं.

सतरंजीवर दुसरीची मुलं दाटीवाटीने बसली होती. फळ्यावर अप्पांचा मोठा फोटो चिकटवला होता, जाड चष्मा आणि मिशीतलं हसू. मुलांसाठी गोष्टी लिहिणाऱ्या अप्पांची आज जन्मशताब्दी. प्रत्येक वर्गात कुणी ना कुणी पाहुणा त्यांची गोष्ट वाचत होता. शेजारच्या वर्गात पोस्टमन वाचत होता आणि तिकडची मुलं खिदळत होती. सूनबाईच्या वर्गाला मात्र खास पाहुण्या मिळाल्या होत्या, अप्पांची सख्खी मुलगी.

ताईंनी तीस वर्षं लॅबमध्ये रक्त काढलं होतं. आकांत करणाऱ्या पोरांची नस शोधतानाही त्यांचा हात कधी हलला नव्हता. आज त्यांनी पुस्तक दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं.

अशी आमंत्रणं त्यांना दरवर्षी येत. कधी रजा नाही, कधी घसा बसलाय, असं सांगून त्या सुटत. या वेळी आमंत्रण घरातूनच आलं. सूनबाई अप्पांच्या गोष्टींवर वाढलेली. तिने हौसेने सगळ्या शाळेला सांगूनही टाकलं होतं. नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं आणि ते कारण ताईंनी नवऱ्यालासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. गोष्टही सूनबाईनेच निवडली होती. सगळ्यांची लाडकी.

त्या वाचू लागल्या. उंदराच्या हातून शाईची दौत सांडते आणि तो पलंगाखाली दडतो. मांजर येऊन पलंगावर बसतं. त्याची शेपूट खाली लोंबते. शेपूट डावीकडे, शेपूट उजवीकडे. मुलं डोलायला लागली, हसायला लागली.

शेपूट नव्हतीच ती. दोन पाय होते. धाकट्या भावाने, सहा वर्षांच्या पोराने, अप्पांच्या लिहिलेल्या कागदांवर शाई सांडली होती. अप्पा ओरडले नाहीत. ते कधीच ओरडत नसत. हातात लाकडी पट्टी घेऊन पलंगाच्या कडेवर बसले आणि पाय हलवत राहिले. सबंध दुपार. वर्षभराने गोष्ट छापून आली, घरोघरी पोचली. धाकट्याने सतराव्या वर्षी घर सोडलं. अप्पा गेले तेव्हाही तो आला नाही.

मुलांचा हशा वाढला तशी ताईंची नजर दाराकडे गेली. फार आवाज तर होत नाही ना? बासष्टाव्या वर्षी, भरल्या वर्गात, त्या अप्पांच्या पावलांचा कानोसा घेत होत्या.

शेवटी पुस्तकातलं मांजर पेंगलं आणि उंदीर धूम पळाला. टाळ्या झाल्या.

पुढच्या रांगेतली एक मुलगी हसली नव्हती. गुडघे पोटाशी घेऊन, फ्रॉक पावलांपर्यंत ओढून ती बसली होती. तिने विचारलं, "आणि मांजर झोपलंच नाही तर?"

मुलं पुन्हा हसली. ताईंनी पानाकडे पाहिलं. तिथे पुढे काहीच नव्हतं.

"नाहीच झोपलं," त्या म्हणाल्या. "मग उंदराची बहीण सरपटत पलंगाखाली गेली. त्याच्याजवळ बसून राहिली."

पान चुकलं असेल असं वाटून सूनबाई पुढे आली. "आई, हे पुस्तकात नाहीये."

"नाहीये. पण झालं होतं तसंच."

सूनबाई त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिची नजर फळ्यावरच्या फोटोकडे गेली आणि तिथून झटकन खाली आली.

"बहिणीला भीती नाही वाटली?" मुलीने विचारलं.

"वाटली. अजून वाटते."

मधल्या सुट्टीची घंटा झाली. मुलं डबे घेऊन बाहेर पळाली. ती मुलगी मात्र जागची हलली नाही. ताईंनी पुस्तक मिटलं, खुर्चीचा आधार घेत सावकाश खाली बसल्या आणि तिला हलकेच विचारलं, "तुमच्या घरी मांजर आहे?"

"मांजर नाही," मुलगी म्हणाली.

सूनबाईने वर्गाचं दार लोटून घेतलं आणि तीही सतरंजीवर येऊन बसली.