एका दात्याने तिरके बसलेले स्टेअरिंग

मित्रांनो, मी एक जुने स्टेअरिंग आहे आणि आज मी भलताच खुशीत आहे. कशामुळे, ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. पण आधी थोडे मागचे सांगतो.

एका कारखान्यात लोखंडी कड्यावर काळे रबर चढवून मला घडवले. मधे तीन आरे, आऱ्यांच्या मधोमध हॉर्न. मला वाटले होते, एखाद्या ऐटबाज माणसाच्या हाती पडेन. पडलो ते गाडी शिकवणाऱ्या शाळेत. तिथे रोज नवे हात. कुणाचे घामेजलेले, कुणाचे बर्फासारखे गार. एक आजोबा मला असे आवळायचे की मीच गुदमरून जावे. एक मुलगी वळण आले की डोळेच मिटून घ्यायची. शेजारी बसलेले सर दिवसभर एकच वाक्य म्हणत, "अहो, त्याला धरा, त्याला लटकू नका."

सर माझी फार तारीफ करत. म्हणत, इतक्या जणांनी पिळले तरी हे ढिले पडत नाही. पण एकदा मागून ट्रकने ठोकरले आणि आमची गाडी भंगारात निघाली. मला सोडवून सुट्या भागांच्या दुकानात खिळ्यावर टांगले. गिऱ्हाइके येत, आरसे नेत, दिवे नेत, दारेसुद्धा नेत. माझ्याकडे कुणी ढुंकून पाहत नसे. धूळ इतकी साचली की माझा रंग काळा आहे हे मीच विसरलो.

मग परवाच्या शनिवारी एक बाई आल्या. त्या पडदे शिवतात. पिशवीतून त्यांनी मोडक्या स्टेअरिंगचा तुकडा काढला आणि फळीवर ठेवला. "असं दुसरं पाहिजे. गाडी मागे घेताना हे हातातच आलं."

"गाडीत एअरबॅग आहे का?" दुकानदाराने विचारले. "असली तर घरी अजिबात हात लावू नका. उघडली तर तोंडावर येते."

"नाही हो, तेवढी नवी असती तर मोडली कशाला असती?"

दुकानदाराने मला खाली काढले, गाडीची माहिती विचारली, माझ्या पोटातल्या भोकाचे दाते तपासले. "नेमकं तुमच्याच गाडीचं आहे. बसवणार कोण? आमचा मेकॅनिक बहिणीच्या लग्नाला गेलाय, आठवडाभर येत नाही."

"सोमवारी माझी लायसन्सची परीक्षा आहे," बाई म्हणाल्या. "तेव्हा मीच बसवणार."

मी खिळ्यावर असतो तर पडलोच असतो.

घरी नेल्यावर त्यांनी मला साबणाच्या पाण्याने पुसले. माझी झिजलेली कड हातातून सटकत होती, म्हणून वाकड्या सुईने त्यांनी माझ्यावर गडद तपकिरी रेक्झिन शिवले, टाक्याला टाका भिडवून. मग बोटाने ओढून पाहिले. तसूभरही सरकले नाही. मी मनातल्या मनात दोन गिरक्या घेतल्या.

खिडकीपाशी त्यांचे यजमान बसले होते. बाई त्यांना 'अहो' म्हणत, म्हणून मीही अहोच म्हणतो. अहोंची नजर वर्षभरात हळूहळू गेली होती. गाडी त्यांची, हौसही त्यांची. पूर्वी इंजिनसुद्धा स्वतः उघडायचे. नजर गेली तसे त्यांनी किल्ली कपाटात ठेवली आणि गाडीचा विषयच टाकला. बाईंना दवाखान्याच्या फेऱ्या पडत होत्या, पडद्यांचे गठ्ठे न्यायचे होते. म्हणून पन्नाशी उलटल्यावर त्या शेजारच्या नर्सबाईंकडून गाडी शिकल्या. अहो त्यावर हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत.

रविवारी सकाळी बाई मला घेऊन त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. "अहो, चला. स्टेअरिंग बदलायचंय."

"मला काय विचारतेस? मला दिसत नाही."

"दिसायचं काम मी करते. कुठे काय असतं ते तुम्हाला पाठ आहे."

"उगाच काहीतरी. मेकॅनिक येऊ दे."

"मग परीक्षा पुढे जाईल, आणि मी दुसऱ्यांदा धीर नाही करायची. मी मला ओळखते."

 अहोंनी हात पुढे केला, "बघू कसं आणलंयस." मी त्यांच्या हातात गेलो. त्यांनी कडेवरून बोटे फिरवली, शिवण चाचपली, भोकातले दाते एकेक करून तपासले. हळूच म्हणाले, "शिवलंयस झकास." आणि उठले.

मग काय विचारता. अंगणात गाडीची दारे उघडी, सीटवर हत्यारे, आणि अहोंचा आवाज क्षणाक्षणाला चढत चाललेला. "पुढची चाकं सरळ आहेत ना? नीट बघ. आता बॅटरीची तार काढ. काळी आधी. हॉर्नचं झाकण कडेने उचल, ओढू नकोस, मागे तार आहे." अहो सांगतील तसे बाई करत होत्या. खाली मोठा नट दिसला. लांब दांड्याचा पाना लावला, पण तो जागचा हलेना. शेवटी अहोंनी चाचपत पाना धरला, दोघांनी मिळून जोर केला आणि कर्र करून नट सुटला.

बाई तो पूर्ण काढायला निघाल्या. अहोंनी त्यांचे मनगट धरले. "थांब. दोन-तीन आटे राहू दे. हे अडकलेलं असतं आणि सुटतं ते एकदम. नट नसला तर दात पडतील."

"कुणाचे?"

"ओढेल त्याचे."

ओढायला अहो स्वतः बसले, चालकाच्या जागेवर. नजर गेल्यापासून पहिल्यांदा. त्यांनी मोडके कडे दोन्ही बाजूंनी धरले, डावीउजवीकडे हलवले, पुन्हा हलवले. कपाळावर घाम आला. मग धाडकन आवाज झाला, कडे उसळले, नटावर आपटले आणि थांबले. अहो सीटवर मागे कोसळले आणि हसायला लागले. इतके हसले की शेजारच्या नर्सबाई बाहेर येऊन पाहू लागल्या. बाई मात्र हसत नव्हत्या. त्या त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या, खूप दिवसांनी भेटल्यासारख्या.

मग माझी पाळी. नट काढून मोडके स्टेअरिंग उतरवले, मी दांड्यावर बसलो, नट घट्ट झाला. गाडी अंगणातच थोडी पुढे-मागे केली आणि सगळ्यांचे चेहरे उतरले. गाडी सरळ आणि मी तिरका. भिंतीवर वाकड्या टांगलेल्या तसबिरीसारखा.

"चालेल की," बाई दमून म्हणाल्या.

"नाही चालणार," अहो म्हणाले. "सरळ कुठे आहे हेच कळलं नाही तर परीक्षेत गाडी मागे कशी घेशील? एका दात्याची चूक आहे. काढ परत."

पुन्हा नट, पुन्हा ओढणे, एक दाता सरकवून पुन्हा बसवणे. या वेळी मी अगदी नाकासमोर बसलो. नट आवळताना अहोंनी सगळा भार टाकला आणि मग बाईंकडूनही आवळून घेतला. बॅटरी जोडली, बाईंनी हॉर्न दाबला. आवाज नाही. झाकणाखाली तार दबली होती. ती सोडवून नीट बसवली आणि बाई अहोंना म्हणाल्या, "तुम्ही दाबा." मी असा ओरडलो की समोरच्या कुंपणावरची मांजर पलीकडे उडी मारून पळाली.

सोमवारी मैदानावर बाईंचे तळवे ओले होते. मला ते हात नवे नव्हते. अशा शेकडो हातांनी मला धरले होते. परीक्षक मागे उभे होते. मित्रांनो, मी मदत केली असे म्हटले तर ते खोटे होईल. बाई जितके वळवतील तितकेच मी वळायचे, ना कमी ना जास्त, एवढेच माझ्या हाती. एकदा गाडी बंद पडली. बाईंनी हात काढले, साडीला पुसले, पुन्हा धरले. मग गाडी मागे मागे दोन खांबांमधून अशी गेली, जशी सुई कापडातून जाते. खांबांना धक्कासुद्धा लागला नाही.

परीक्षक म्हणाले, "पास. पण घाबरत जाऊ नका हो, चांगली चालवता."

अहो बाकावर बसले होते. बाईंनी त्यांचा हात धरून गाडीत बसवले, बरोबर आलेल्या नर्सबाई मागे बसल्या. कुठे जायचे ते ठरलेच नव्हते. "तुम्ही सांगा," बाई म्हणाल्या. अहो म्हणाले, "सरळ घे. आता पाण्याची टाकी येईल, तिथून डावीकडे." मी डावीकडे वळलो. "मग एक उतार, सांभाळून." आम्ही सांभाळून उतरलो. पुढे रस्ता खणून ठेवला होता. "इथे वळण बदललंय," बाई म्हणाल्या, "आता मी सांगते, तुम्ही ऐका." आणि अहो ऐकत राहिले, काचेतून येणाऱ्या वाऱ्याकडे तोंड करून.

मित्रांनो, मला उन्हात तसेच तापत ठेवू नका, माझ्यावर एखादे फडके टाका. ढिला वाटलो तर तसाच चालवू नका, नट तपासून घ्या. आणि तुमच्या घरात कुणी खिडकीपाशी गप्प बसले असेल, तर त्यांना कामाचे काहीतरी विचारा. अगदी खरे काम हवे, खोटे त्यांना लगेच कळते.