न उघडलेली सात पाकिटं

रबराला मध्ये एक गाठ होती—एकदा तुटलेलं, पुन्हा बांधून कामाला लावलेलं रबर. आईच्या टपाल कार्यालयात असली रबरं ढिगाने निघतात आणि ती फेकून देणं आईच्या जिवावर येतं. या रबराखाली बँकेची सात पाकिटं होती, तारखेवार, सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला. बावीस वर्षं पत्रांचं सॉर्टिंग करणाऱ्या बाईचा हात, घरी आला म्हणून काय बदलतो?

बँकेतल्या बाकावर बसून लेक ती गाठ नखाने उकलू पाहत होती. उकलून काही होणार नव्हतं. पाकिटं अर्ध्या तासापूर्वी याच बाकावर उघडून झाली होती, आणि त्यांत जे छापलं होतं तेच खिडकीतल्या कारकुनाने पडद्यावर बघून मोठ्याने सांगितलं होतं. "वजा दोन हजार तीनशे अठरा." अगदी गाडी सुटायची वेळ सांगावी तसं.

वजा... शाळेत बाईंनी फळ्यावर आडवी रेघ मारून शून्याच्या डावीकडे आकडे लिहिले होते, तेव्हा तिला मोठी गंमत वाटली होती. नसण्यापेक्षाही कमी! त्या डाव्या बाजूला माणसाला जाऊन बसावं लागतं, हे बाईंनी सांगितलं नव्हतं.

चूक म्हणावी तर कुणाचीच नव्हती, आणि म्हणूनच तिचा जीव जास्त गुदमरत होता. लहानपणी काढलेलं खातं, अठरा पूर्ण झाल्यावर ते आपोआप मोठ्यांचं झालं. मोठ्यांच्या खात्यात ठरावीक शिल्लक लागते. तिने तीन विद्यापीठांच्या अर्जांचे पैसे भरले आणि शिल्लक तळाला गेली. मग दरमहा दंड, दंड भरायला पैसे नाहीत म्हणून त्यावर दंड... आणि दरमहा एक पत्र. आईने ते उघडलं नाही. दुसऱ्याच्या नावाचं पाकीट उघडायचं नाही, हा त्यांच्या घरातला देवाहून मोठा नियम. आणि दिलंही नाही—'परीक्षेत डोक्याला ताप नको' म्हणून. परीक्षा झाली, निकाल लागला, प्रवेश मिळाला, तेव्हा कुठे सगळा गठ्ठा हातात आला. "घे तुझं टपाल," आई म्हणाली होती.

पिशवीत वसतिगृहाच्या अनामतीचे पैसे होते, आईचे आणि मावशीचे मिळून, मोजूनमापून तेवढेच. विद्यापीठ ते फक्त तिच्याच खात्यातून घेणार होतं. आज चार वाजेपर्यंत. नाहीतर खोली गेली, आणि खोली गेली की दोनशे मैलांवरच्या त्या शहरात शिकणंही गेलं.

"भरा की," कारकून म्हणाला होता. "पण आधी आमचे कापले जातील. मशीनच कापतं, माझ्या हातात काही नाही."

"दंड माफ नाही का होत?"

"अर्ज करा. साहेब सोमवारी येतील."

"पण मुदत आज आहे."

"मग आधी नाही का यायचं, बाई?"

कालपर्यंत तिला इथे सगळे 'बाळ' म्हणत. वजा झाल्याबरोबर ती बाई झाली होती.

आधी नाही का यायचं... महिनाभर गठ्ठा तिच्या उशाजवळच्या फळीवर होता. उद्या बघू, उद्या बघू. आकड्यांची भीती वाटते, असं ती स्वतःला सांगत होती... आणि त्याच महिन्यात आई एकदा पोळ्या लाटता लाटता म्हणाली होती, "बरंय, तू गेलीस की दोन पोळ्यांत भागेल माझं. आरामच आराम!" आणि जरा जास्तच हसली होती. ही पोळ्या मोजत राहिली होती.

फोन वाजला. आई. मागे शिक्क्यांचा धपाधप आवाज.

"काय गं शहाणे, भरलेस?"

"रांगेत आहे," ती म्हणाली. बाकावर बसून.

"जेवलीस का?"

"हं."

शिक्के वाजत राहिले. मग आईने आवाज खाली आणला.

"किती कापतायत?"

तिने तर अजून काहीच सांगितलं नव्हतं. दिवसाला हजारो पाकिटं ज्या बोटांखालून जातात, त्यांना ती उघडावी कशाला लागतील? सात महिने आईला ठाऊक होतं. सात महिने तिने तारखेवार लावून ठेवलं होतं.

"दोन हजार तीनशे अठरा."

"हं," आई म्हणाली. "पगार व्हायला सहा दिवस आहेत."

आता संताप येईल म्हणून ती वाट बघत राहिली. आला नाही. आला असता तर बरं झालं असतं. चिडलेल्या माणसाला निदान कुणीतरी दुसरं लागतं. इथे दुसरं कोण होतं? महिनाभर दोघीजणी एका घरात एकाच गोष्टीची, हे जाणं टळण्याची, वाट बघत होत्या, आणि सकाळ-संध्याकाळ एकमेकींच्या हातात चहाचा कप देत होत्या. तिला रडू आलं, आणि रडण्याच्या खाली—हे तिला स्वतःलाही ऐकवेना—बारीकसं हायसं वाटलं.

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून वीस मिनिटं झाली होती.

"ठेवू का?" आईने विचारलं.

"नको," ती म्हणाली. "थांब जरा."