गच्चीवरची जेलीफिश

अकोल्याच्या भर उन्हात मनकर्णाबाईंच्या गच्चीवर कुरडया वाळत होत्या. शेजारीच त्यांनी, जहाजावरून सुट्टीवर आलेल्या शेखरच्या बॅगेतले पिवळसर पापडही पसरले. पार सादळले होते बिचारे! सवयीनं एक तुकडा तोडून मीठ पाहिलं. खारटढोण, वर दाताखाली रबरासारखं.

शेखर वर आला नि थबकला.

"माय, हे कावून वाळू घातलं?"

"सादळले होते ना. कोण्या बाईनं लाटले रे? मिठाचा हात भारीच सैल हाय तिचा!"

"चाखले काय तू?" शेखरनं घाईनं एक पापड उचलला. "पापड नाई ते. जेलीफिश हाय, समुद्रातली. अमरावतीच्या माह्या दोस्तासाठी, बंडूसाठी आणली."

मनकर्णाबाईंचा हात गळ्यातल्या माळेवर गेला. लग्नानंतर सासूबाईंनी घातलेली तुळशीची माळ. तेव्हापासून मांसमच्छी वर्ज्य. आणि आज तर देवळात कीर्तन, टाळ त्यांच्याच हाती.

"सारीच जेलीफिश खातात काय?"

"नाई. लय जाती हायेत तिच्या. काही नुसत्या लागल्या तरी आंगाची आग होते. खायच्या थोड्याच. चीन-जपानकडे मीठ-तुरटीत मुरवतात. पण माय, तिले रगत नाई, हाड नाई, काळीज नाई. पाणीच समज."

"भूक लागते तिले?"

शेखर घुटमळला. "लागते."

"मंग जीवच व्हय."

त्यांनी चूळ भरली, माळ उतरवून पदराला बांधली.

"कोणी पायलं नाई, माय. राहू दे."

"ज्याच्यासाठी घातली, त्यानं पायलं ना."

कीर्तनात त्या टाळ न घेता मागं बसल्या. बुवा अभंग रंगवत होते, पण यांच्या डोळ्यांपुढं ते काळीज नसलेलं, भुकेलं काहीतरी पाण्यात तरंगत होतं. त्यालाही देवानंच घडवलं असणार. आरतीनंतर त्यांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं.

"समुद्र पायला नाई आन समुद्र गिळून आली!" इंदूबाई खिदळली.

बुवा हसले नाहीत. "अजाणता घडलं, मावशी. पण लपवलं असतं, तर मी माळ घातली नसती," म्हणत त्यांनी माळ देवाच्या पायांना लावून पुन्हा गळ्यात घातली.

घरी शेखर ते पापड फेकायला निघाला होता.

"थांब. जीव तर गेलाच त्याचा, आता वाया कायले घालतं? बंडूले दे." मनकर्णाबाईंनी त्या पापडांना हात जोडले. "पण पेपरात बांध. माझा डबा भेटणार नाई!"